हॉलमधल्या कॉम्प्युटरसाठी शांत पंखे: आधी काय तपासायचं, मग काय घ्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचं घर, हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या कप्प्यात ठेवलेला आडव्या कॅबिनेटचा कॉम्प्युटर. प्रोसेसर रायझेन ५ ५६००जी, त्याच्यावर सोबत आलेलाच कुलर (त्याला थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि पंखा). कॅबिनेटच्या मागे ८० मिमीचे दोन पंखे आणि बाजूला १२० मिमीचा एक. गेल्या दोन-तीन वर्षांत आवाज वाढत गेला आणि आता रात्री चित्रपटातल्या शांत प्रसंगात घरघर स्पष्ट ऐकू येते. तिन्ही पंखे बदलायची तयारी आहे. सर्वांत कमी डेसिबल लिहिलेले घ्यावेत का, की आणखी काही पाहावं?

डेसिबलच्या आकड्यावरून घेऊ नका, आणि तिन्ही एकदम तर मुळीच घेऊ नका. शांत पंखा म्हणजे हळू फिरणारा पंखा. हळू फिरून भागेल अशी सोय त्याला करून दिली की मध्यम किमतीचा पंखाही ऐकू येईनासा होतो. ती सोय नसेल तर दुकानातला सगळ्यात महागडा पंखासुद्धा मे महिन्यात ओरडणारच. म्हणून उत्तरात खरेदी शेवटी येईल, आधी बाकीचं बघू.

वेगाचा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढचे सगळे निर्णय सोपे जातात. एखाद्या पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, दाब एक चतुर्थांश होतो आणि आवाज साधारण १५ डेसिबलने खाली येतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. म्हणजे हवा गमावली निम्मी, पण आवाज त्याच्या कितीतरी जास्त गेला. आता याला दुसरी बाजू जोडा: दोन सारखे पंखे एकत्र चालले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. १४०० आरपीएमवर (मिनिटाला १४०० फेरे) फिरणाऱ्या एका पंख्याच्या जागी ७०० वर फिरणारे तसलेच दोन लावले, तर हवा जवळपास तेवढीच मिळते आणि आवाज १२ डेसिबलच्या आसपास कमी होतो. मोठ्या पंख्याचा फायदाही इथेच आहे. १२० मिमीच्या पंख्याचं क्षेत्रफळ ८० मिमीच्या सव्वादोन पट असतं, त्यामुळे तेवढीच हवा तो फार कमी वेगाने ढकलतो.

हवा नेमकी किती लागते, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो आणि तो नेहमी वरच्या बाजूला चुकतो. १०० वॅट उष्णता बाहेर काढायची आहे आणि बाहेर पडणारी हवा आत शिरणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम चालेल असं धरलं, तर तासाला सुमारे ३० घनमीटर हवा पुरते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला ५६००जीचा कॉम्प्युटर चित्रपट दाखवताना भिंतीच्या सॉकेटवर साधारण ३० ते ४० वॅट घेतो. त्याला दहा-बारा घनमीटर बास झाली. आर्क्टिकचा पी१२ हा १२० मिमीचा पंखा १८०० आरपीएमला तासाला ९५ घनमीटरच्या थोडी वर हवा देतो, असं कंपनी सांगते. ६०० आरपीएमला ती ३२ च्या आसपास येते. जाळी आणि फिल्टरमध्ये त्यातली निम्मी गेली असं समजा, तरी चित्रपटापुरता एकच पंखा पुरून उरतो. तुमच्याकडे तीन आहेत आणि तरी आवाज येतोय. याचा अर्थ हवा कुठेतरी अडते आहे, किंवा आवाज करणारा पंखा तुम्हाला वाटतोय तो नाही.

तर पहिली पायरी, दोषी शोधणं. रात्री उशिरा छताचा पंखा बंद करा, फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत थांबा आणि टीव्हीचा आवाज बंद ठेवून चित्रपट लावा. वर्तमानपत्राच्या कागदाची नळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं कॅबिनेटच्या कडेकडेने फिरवा. दिशा लगेच कळते. मग कॉम्प्युटर बंद करून मागच्या दोन पंख्यांच्या वायरी मदरबोर्डवरून काढा, पुन्हा चालू करा आणि ऐका. मग बाजूचा काढून ऐका. एवढ्या वेळात काही बिघडत नाही, तापमानावर लक्ष ठेवा म्हणजे झालं. प्रोसेसरच्या पंख्याची वायर मात्र काढू नका, त्याचा वेग बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधून) खाली आणून फरक ऐका. फिरत्या पात्यात बोट घालून पंखा थांबवायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, पातं एकदा वाकलं की पंख्याचा तोल कायमचा जातो.

आवाजाचा पोतही बरंच सांगतो. खरखर किंवा घरघर, जी थंड असताना जास्त असते आणि अर्ध्या तासाने कमी होते, ती झिजलेल्या बेअरिंगची. त्यावर पंखा बदलणं हाच उपाय. स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकला तर काही दिवस आराम पडतो, तोवर नवा पंखा मागवा. नुसती सळसळ ही हवेची, ती वेग कमी केल्यावर जाते. एकाच सुरातली अखंड गुणगुण मात्र बऱ्याचदा हार्ड डिस्कची निघते: ७२०० आरपीएमची डिस्क १२० हर्ट्झवर गुणगुणते, ५४०० ची ९० हर्ट्झवर. पंखे बदलून ती जाणार नाही. चित्रपटांचा साठा डिस्कवर असेल तर ती दुसऱ्या खोलीतल्या राउटरपाशी न्या आणि टीव्हीखाली फक्त एसएसडी ठेवा. टिकटिक येत असेल तर आधी एखादी वायर पात्याला घासते का ते बघा.

आता टीव्ही युनिट. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा मूळ इथेच सापडतं, पण लोकांचं लक्ष कॅबिनेटच्या आतच अडकलेलं असतं. आपल्याकडे सुतार युनिट करतो तेव्हा मागे पूर्ण प्लाय ठोकतो आणि वायरींसाठी मुठीएवढं भोक ठेवतो. समोर काचेचं दार. मागच्या पंख्यांनी बाहेर टाकलेली गरम हवा प्लायवर आपटून परत फिरते आणि बाजूच्या पंख्याने पुन्हा आत ओढली जाते. तासाभराने कॉम्प्युटर स्वतःचीच गरम हवा पीत बसलेला असतो, प्रत्येक फेरीत तापमान चढतं आणि पंखे जोर लावत जातात. याची चाचणी फुकट आहे. एका संध्याकाळी कॉम्प्युटर युनिटमधून काढून टीपॉयवर ठेवा, तोच चित्रपट तासभर चालवा आणि प्रोसेसरचं तापमान पाहा. दुसऱ्या दिवशी कप्प्यात ठेवून तेच करा. फरक आठ-दहा अंशांचा निघाला, तर पंखे घेण्याआधी सुताराला बोलवा. कप्प्यामागचा प्लाय कॅबिनेटच्या रुंदीइतका कापून घ्या, भिंतीपासून किमान पाच-सहा सेंटीमीटर जागा सोडा आणि चित्रपट चालू असताना काचेचं दार उघडं ठेवा. एव्ही रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) त्याच युनिटमध्ये असेल तर तो वरच्या कप्प्यात हवा. तो खाली आणि कॉम्प्युटर वर, अशी रचना कधीच नको. रिसीव्हर नुसता चालू असतानाही बऱ्यापैकी तापतो.

युनिटचा दुसरा त्रास कंपनाचा. पोकळ प्लायचा कप्पा तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं काम करतो: कॅबिनेटच्या पायांतून आलेली बारीकशी थरथर तो हॉलभर ऐकवतो. कॅबिनेट दोन्ही हातांनी किंचित उचलून धरा. गुणगुण एकदम कमी झाली तर दोष हवेचा नाही, कंपनाचा आहे. पायांखाली मऊ रबराचे जाड तुकडे घाला आणि पंखे स्क्रूऐवजी रबरी पिनांवर बसवा. चांगल्या पंख्यांसोबत त्या पिना येतात, सुट्याही मिळतात.

यानंतर जाळी. आडव्या कॅबिनेटमध्ये पंख्यासमोर बहुतेक वेळा पत्र्यातच ठोकून काढलेली भोकं असतात, आणि त्यात भोकांपेक्षा पत्राच जास्त असतो. एक प्रयोग जरूर करा. बाजूचा १२० मिमीचा पंखा सोडवा, वायर मदरबोर्डला तशीच ठेवून तो चालू करा, चौकट कडेने धरा आणि हवा ओढणारी बाजू जाळीकडे करून हळूहळू जवळ न्या. लांब असताना नुसती सळसळ ऐकू येते. शेवटच्या बोटभर अंतरात त्या सळसळीत एक सूर मिसळायला लागतो आणि पंखा पत्र्याला टेकला की तो सूर ठळक होतो. वेग तोच, पंखा तोच, फक्त समोरचा अडथळा जवळ आला. सात पात्यांचा पंखा १२०० आरपीएमला फिरतो तेव्हा सेकंदाला १४० वेळा एक पातं एका ठरावीक जागेवरून जातं. त्या जागी पत्र्याची पट्टी असेल, तर दर वेळी हवेला धक्का बसून १४० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला सूर तयार होतो. हवा बाहेर टाकणाऱ्या बाजूपेक्षा आत ओढणाऱ्या बाजूचा अडथळा जास्त आवाज करतो, हेही याच प्रयोगात पंखा उलटा धरून कळेल.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सभ्य: जाळी आणि पंखा यांच्यात पाच ते दहा मिलिमीटरची चौकट घालायची. तयार रबरी चौकटी मिळतात, किंवा खराब झालेल्या जुन्या पंख्याची पाती काढून टाकून उरलेली चौकट मधे लावली तरी चालते. दुसरा धाडसी: पत्रा कापायच्या कात्रीने ती भोकांची जाळी पूर्ण कापायची आणि तिथे गोल तारेची जाळी लावायची. कापण्याआधी आतलं सगळं सामान बाहेर काढलं पाहिजे, धातूचा एखादा कण मदरबोर्डवर राहिला तर शॉर्ट होईल. हात बसलेला असेल तरच करा. पण केलंत तर नवा पंखा घेण्याइतकाच फरक पडतो.

इतकं झाल्यावर कदाचित तुम्हाला एकच पंखा बदलावा लागेल. तो घेताना काय पाहायचं ते आता सांगतो.

डब्यावरचा डेसिबलचा आकडा मोकळ्या हवेत, जाळीशिवाय, कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने मोजलेला असतो. एकाच कंपनीचे दोन पंखे ताडून पाहायला तो ठीक आहे, दोन कंपन्यांची तुलना त्यावरून होत नाही. शिवाय तो आवाजाची पातळी सांगतो, सूर सांगत नाही. आपल्या घरांत हा सूरच जास्त महत्त्वाचा. छताचा पंखा चालू असला की सळसळ त्यात विरून जाते, पण एका सुरातली शिट्टी किंवा गुणगुण त्यातूनही कानापर्यंत पोहोचते. म्हणून २२ आणि १९ डेसिबलच्या फरकावर वेळ घालवू नका. कमाल वेग किती, किमान वेग किती, बेअरिंग कोणतं आणि पिना किती, या चार गोष्टी वाचा.

बेअरिंगबद्दल. स्वस्त पंख्यांत साधं स्लीव्ह बेअरिंग असतं. नवं असताना ते खरोखर शांत चालतं, आणि इथेच फसगत होते. तुमचे तिन्ही पंखे उभे बसवलेले आहेत, म्हणजे त्यांचा दांडा आडवा आहे, आणि पात्यांचं वजन सतत बेअरिंगच्या एकाच बाजूवर पडतं. त्यात विदर्भाच्या उन्हाळ्याने आतलं वंगण वाळतं. तुम्ही सांगितलेली दोन-तीन वर्षांत वाढत गेलेली घरघर याच्याशी तंतोतंत जुळते. बॉल बेअरिंग उष्णतेत टिकतं, पण पहिल्या दिवसापासून त्याची बारीक कुरकुर असते. सर्व्हरच्या खोलीत ते योग्य, टीव्हीखाली नको. तुम्हाला हवं फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग किंवा त्याच जातीतलं सुधारित बेअरिंग. कंपन्या याला आपापली नावं देतात. नाव कळलं नाही तर वॉरंटी पाहा. नॉक्टुआ सहा वर्षं देते. एक वर्षाची वॉरंटी असलेल्या पंख्याकडून पाच वर्षांची शांतता मिळणार नाही.

पिना चार असलेला पंखा घ्या, म्हणजे पीडब्ल्यूएम. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करून उतरवावा लागतो आणि फार खाली नेला तर तो सुरूच होत नाही. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि वेगाचा हुकूम चौथ्या तारेवरून २५ किलोहर्ट्झच्या संकेताने जातो. तो कानाच्या पलीकडचा आहे. यामुळे चांगला पंखा ४०० - ५०० आरपीएमवरही निवांत फिरतो. तुमचे सध्याचे पंखे तीन पिनांचे असतील तर एक गोष्ट आजच तपासा: बायोसमध्ये त्या हेडरचा (पंख्याची वायर मदरबोर्डवर जिथे खोचतो त्या जागेचा) प्रकार पीडब्ल्यूएमवर ठेवलेला असेल, तर तीन पिनांचा पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो. तो डीसीवर, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलणाऱ्या प्रकारावर करा. केवळ एवढ्यानेच प्रश्न सुटलेली घरं मी पाहिली आहेत. मागचे दोन पंखे एकाच हेडरवर वाय-वायरने (एकाची दोन टोकं करणाऱ्या वायरने) जोडायला हरकत नाही. बहुतेक मदरबोर्डवर एका हेडरची मर्यादा १ अँपिअर असते आणि असे दोन पंखे त्याच्या खूप आत राहतात.

मापाची खात्री करून घ्या. पंख्याचं नाव चौकटीच्या बाहेरच्या मापावरून असतं, स्क्रूच्या भोकांचं अंतर वेगळं: ८० मिमीच्या पंख्यात ते ७१.५ मिमी, ९२ मध्ये ८२.५, १२० मध्ये १०५ आणि १४० मध्ये १२४.५. भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. जाडी साधारण २५ मिमी. १५ मिमीचे सडपातळ पंखे मिळतात, पण तेवढीच हवा द्यायला त्यांना जास्त जोरात फिरावं लागतं, म्हणून जागा असेल तर जाडच घ्या.

आता नावं. १२० मिमीसाठी आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएम पीएसटी हा माझा पहिला सल्ला. वेग २०० ते १८०० आरपीएम, पाती एकमेकांजवळ असल्याने जाळी आणि फिल्टरमधून हवा ओढायला दाब चांगला, आणि किंमत नॉक्टुआच्या वरच्या पंख्यांच्या मानाने खूपच कमी. त्याचाच पी१२ मॅक्स हा प्रकार ३३०० आरपीएमपर्यंत जातो, तो तुमच्या कामाचा नाही. खर्चाची तयारी असेल तर नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ घ्या. २०१८ मध्ये आलेल्या या पंख्यात पात्याचं टोक आणि चौकट यांच्यात फक्त अर्ध्या मिलिमीटरची फट आहे. अडथळ्यासमोर तो हवा जास्त धरून ठेवतो आणि त्याचा सूर कानाला बोचत नाही. या दोघांच्या मधलं म्हणून नॉक्टुआचाच एनएफ-पी१२ रेडक्स १३००. कमाल वेगच १३०० असल्याने बायोसमध्ये फार खटपट न करताही तो आटोक्यात राहतो. कोणताही पंखा बसवल्यावर वेग हळूहळू वाढवत कान देऊन ऐका. जवळपास प्रत्येक पंख्याचा एखादा टप्पा असा असतो जिथे तो कॅबिनेटच्या पत्र्याबरोबर गुणगुणतो. तो टप्पा सापडला की वेग त्याच्या वर किंवा खाली ठेवायचा, त्यावर थांबू द्यायचा नाही.

मागच्या ८० मिमीच्या दोघांबद्दल माझं स्पष्ट मत आहे: ते आधी काढून पाहा. बाजूचा १२० मिमीचा पंखा हवा आत ओढत असेल, तर मागची मोकळी झालेली भोकं गरम हवा बाहेर जायला पुरेशी ठरतात. आठवडाभर तसं चालवून तापमान ठीक राहिलं तर ते विकत घ्यायचा खर्चच वाचला. एखादा लावावाच लागला तर नॉक्टुआ एनएफ-ए८ पीडब्ल्यूएम लावा आणि हजार आरपीएमच्या वर जाऊ देऊ नका. आर्क्टिकचा पी८ ही चालेल, मात्र त्याचा कमाल वेग ३००० आहे, त्यामुळे बायोसमधून लगाम घातल्याशिवाय तो वापरू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण माझा खरा संशय प्रोसेसरच्या कुलरवर आहे. सोबत मिळालेला रेथ स्टेल्थ बसका आहे, ५४ मिमी उंचीचा, आणि भार आला की त्याचा छोटा पंखा झटकन वर जातो. चित्रपटात आवाज सतत न येता मधूनच चढ-उतार होत असेल, तर हाच. आतून उंची मोजा. मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंत नव्हे, प्रोसेसरच्या माथ्यापासून झाकणापर्यंत. ७० मिमीच्या वर जागा असेल तर नॉक्टुआ एनएच-एल१२एस बसतो, त्याला १२० मिमीचा पंखा आहे. जागा फारच कमी असेल तर ३७ मिमीचा एनएच-एल९ए, पण रेथ स्टेल्थपेक्षा तो मोठं काम करेल अशी अपेक्षा नको, तो सूर सुधारतो. कुलर बदलो न बदलो, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कुलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) नवी लावा, आणि बायोसमध्ये प्रोसेसरची मर्यादा ६५ वरून ४५ वॅटवर आणा. ५६००जी अधिकृतपणे त्यावर चालतो आणि चित्रपट पाहताना तुम्हाला काडीचा फरक जाणवणार नाही.

यूट्यूब पाहताना पंखा जास्त ओरडतो का, तेही बघा. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला एच२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे व्हिडिओचे प्रकार हार्डवेअरवर उलगडता येतात, एव्ही१ येत नाही. एव्ही१ चा व्हिडिओ आला की सगळा भार प्रोसेसरच्या कोअर्सवर पडतो आणि पंखा धावतो. ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद करणारं एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब व्हीपी९ पाठवतं आणि पंखा खाली येतो. पैसा न खर्चता मिळणारी शांतता आहे ही.

आता बायोसमधली पंख्याची रेषा, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग ते ठरवणारी. रायझेनचं तापमान एखादं पान उघडलं तरी क्षणभर दहा-पंधरा अंशांनी उसळतं, आणि पंखा त्या प्रत्येक उसळीमागे धावला तर कानाला त्याचाच त्रास जास्त होतो. स्थिर आवाज मेंदू विसरतो, चढता-उतरता विसरत नाही. म्हणून प्रोसेसरच्या पंख्याला ६० अंशांपर्यंत ३० - ३५ टक्क्यांवर सपाट ठेवा, ७५ ला ५५ टक्के, ९० ला पूर्ण. ५६००जीची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, चित्रपटात ६५ दिसले तर घाबरू नका. वेग बदलायला लागणारा वेळ मदरबोर्डवर जास्तीत जास्त जितका ठेवता येतो तितका ठेवा. कॅबिनेटच्या पंख्यांना प्रोसेसरच्या नव्हे, मदरबोर्डच्या तापमानावर चालवा, ते संथ बदलतं.

नागपुरात यात एक सोय आपोआप होते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हॉल ३५ - ४० वर असतो, आणि खोलीचं तापमान जितकं चढतं जवळपास तितकंच प्रोसेसरचंही चढतं. त्या दिवसांत पंखे वेगाने फिरणारच. पण तेव्हा डेझर्ट कुलर चालू असतो, त्यापुढे कॉम्प्युटर ऐकूच येत नाही. डिसेंबरच्या रात्री पारा १० - १२ पर्यंत उतरतो, घरातले सगळे पंखे बंद असतात, आणि तेव्हा खरी शांतता हवी असते. वर दिलेल्या रेषेवर त्या काळात पंखे किमान वेगावरच राहतील. पंख्यांची परीक्षा तेव्हाची धरा. एक काळजी घ्या: डेझर्ट कुलरचा झोत थेट टीव्ही युनिटवर येऊ देऊ नका. त्याच्यासोबत येणारे पाण्याचे बारीक तुषार आणि क्षार कॅबिनेटमध्ये ओढले जातात आणि धूळ चिखलासारखी चिकटते.

धुळीसाठी हवा आत ओढणाऱ्या पंख्यावर बारीक नायलॉनची जाळी लावा आणि ती महिन्याला धुवा. बाहेर फेकणाऱ्या पंख्यांचा जोर आत ओढणाऱ्यापेक्षा कमी ठेवा, म्हणजे फटींतून धूळ आत ओढली जाणार नाही. दिवाळीच्या साफसफाईत कॉम्प्युटरही उघडा. ब्लोअर मारताना पाती हाताने धरून ठेवा, हवेच्या झोताने पंखा त्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट वेगाने फिरतो आणि बेअरिंग तिथेच खराब होतं. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरच्या कुलरच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये अडकलेला धुळीचा नमदा वरून दिसत नाही, पंखा काढल्यावरच दिसतो. तो निघाला की पंख्याचा वेग स्वतःहूनच उतरतो.

एसएमपीएसचा (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याचा) पंखा दोषी निघाला तर तो बदलायच्या फंदात पडू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट आणि त्याहून जास्त दाब असतो, प्लग काढल्यानंतरही तो काही वेळ टिकतो आणि जिवावर बेतू शकतं. अख्खा एसएमपीएसच बदला. तुमच्या कॉम्प्युटरचा भार पाहता कमी भारावर पंखा पूर्ण बंद ठेवणारा चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस चित्रपटभर न फिरता राहील.

दुकानातून घेत असाल तर पंख्याच्या मागच्या लेबलवर अँपिअर वाचा. १२० मिमीच्या पंख्यावर ०.३० अँपिअर किंवा जास्त दिसलं तर तो वेगवान आणि कर्कश जातीचा आहे, ०.१० च्या आसपासचा तुमच्या कामाचा. बोटाने पाती हलकेच फिरवा: सोडल्यावर अडखळत थांबला, किंवा मधला भाग पुढे-मागे खडखडला तर परत करा. बाजारातल्या गोंगाटात पंखा चालवून ऐकण्याला अर्थ नाही, त्याऐवजी घरी ऐकून दोन दिवसांत बदलून मिळेल का ते विचारा. महागड्या पंख्यांच्या नकला बाजारात फिरतात, म्हणून अधिकृत वितरकाचं बिल घ्या. वॉरंटी त्याच बिलावर मिळते.

आधी युनिट आणि धूळ, मग बायोस, मग १२० मिमीचा एक पंखा, मग गरज उरली तर प्रोसेसरचा कुलर, या क्रमाने जा आणि प्रत्येक पायरीनंतर तीन-चार दिवस ऐका. मागचे पंखे काढून ठेवलेत तर प्रोसेसरबरोबर एनव्हीएमई एसएसडीचं (थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीचं) तापमानही बघत राहा. बऱ्याच मदरबोर्डवर ती प्रोसेसरच्या आसपासच बसते आणि तिच्यावरची हवा कमी झालेली असते. मोठी फाइल कॉपी करताना ती ७० अंशांच्या वर जायला लागली, तर तिच्यावर ॲल्युमिनियमची छोटी हीटसिंक चिकटवा. तेवढ्याने भागलं नाही तरच मागचा एक पंखा ७०० - ८०० आरपीएमवर परत जोडा.